मंदीचे ओझे कोणाच्या खांद्यावर?



रविवारच्या मिस्सेला आपण एकाच बाकावर बसतो आणि एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारतो. त्या बाकावर लेथ मशीन चालवणारा ऑपरेटर असतो. त्याच्या शेजारी पॅकिंगमध्ये काम करणारी एखादी भगिनी असते. दोन ओळी पुढे सुपरवायझर बसलेला असतो, त्याच्या पुढे एखाद्या कंपनीचा एचआर मॅनेजर आणि कडेला वालीव, सातिवली किंवा गोखिवऱ्याला स्वतःचा गाळा चालवणारा छोटा मालक. शांतीचे चिन्ह देताना ही सारी माणसे एकमेकांकडे पाहून हात जोडतात. सोमवारी सकाळी मात्र तीच माणसे टेबलाच्या दोन बाजूंना बसलेली असतात.

धंदा तेजीत असतो तेव्हा हे टेबल फारसे जाणवत नाही. ओव्हरटाइम चालू असतो, दिवाळीला बोनस होतो, पगारवाढीचा करार थोडीफार घासाघीस होऊन का होईना, पार पडतो. कसोटी लागते ती मंदीत. आपण ती अनेकदा अनुभवली आहे. २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत मोठी बँक बुडाली आणि काही आठवड्यांतच सुरतेच्या हिरे कारागिरांच्या हातचे काम गेले. पुण्यात आणि जमशेदपूरला वाहनांचे मोठे कारखाने काही काही दिवस बंद ठेवावे लागले. २०१९ मध्ये गाड्यांची विक्री घसरली, तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या छोट्या छोट्या वर्कशॉपपर्यंत तिची झळ पोहोचली. २०२० च्या टाळेबंदीत तर हजारो कामगार बिऱ्हाड डोक्यावर घेऊन रस्त्याने चालत गावी निघालेले आपण पाहिले.

मंदी कोणा एका मॅनेजरने आणलेली नसते. ती कोणी एक युनियनही आणत नाही. मग तिचे ओझे कोणी उचलायचे? आधी कोणी, नंतर कोणी? आणि हे ठरवताना खरे कोण बोलतो? आज आपण या प्रश्नावर शुभवर्तमानाच्या प्रकाशात थोडे चिंतन करू या.

एका तरुण राजाची गोष्ट

जुन्या करारातील राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. शलमोन राजाने मोठमोठी बांधकामे केली. त्यासाठी प्रजेला वेठीला धरले. तो मरण पावला आणि त्याचा मुलगा रहबाम गादीवर बसला. तेव्हा लोक त्याच्याकडे आले. त्यांची मागणी साधी होती. तुमच्या वडिलांनी आमच्यावर जड जू लादले, ते थोडे हलके करा, म्हणजे आम्ही तुमची चाकरी करू. आजच्या भाषेत सांगायचे तर हे एक मागणीपत्रच होते. त्यांनी बंड केले नव्हते, ते बोलायला आले होते.

रहबामाने तीन दिवसांची मुदत मागितली. इथवर त्याचे काही चुकले नाही. त्याने वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, आज तू या लोकांचा सेवक हो, त्यांच्याशी गोड बोल, म्हणजे ते कायमचे तुझे होतील. मग त्याने आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांना विचारले. त्यांचा सल्ला उलट होता. आता नमते घेतलेस तर लोक डोक्यावर बसतील, तेव्हा वडिलांपेक्षाही कडक हो. रहबामाला हा दुसरा सल्ला आवडला. परिणाम काय झाला? बारांपैकी दहा वंशांनी त्याची साथ सोडली, राज्याची दोन शकले झाली आणि ती पुन्हा कधी जुळली नाहीत.

या कथेत आणखी एक माणूस आहे. त्याच्याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. त्याचे नाव अदोराम. वेठबिगारीवर देखरेख करणारा हा अधिकारी. लोक खवळलेले असताना रहबामाने स्वतः न जाता त्याला पुढे पाठवले आणि लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले. राजा रथात बसून यरुशलेमला पळाला. निर्णय एकाने घेतला, जीव दुसऱ्याचा गेला.

बंधुभगिनींनो, ही कथा फार जुनी असली तरी अदोराम आजही आपल्यात आहे. सप्टेंबर २००८ मध्ये ग्रेटर नोएडातील एका कारखान्यात, कामावरून काढलेल्या कामगारांचा वाद चालू असताना, कंपनीचा मुख्य अधिकारी जमावाच्या मारहाणीत मरण पावला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, कोइम्बतूरच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यावर हल्ला झाला आणि त्याचाही अंत झाला. कोणताही अन्याय अशा हत्येचे समर्थन करू शकत नाही. ज्याच्या खिशात बडतर्फीचा कागद आहे, तोही कोणाचा पती असतो, कोणाचा बाप असतो. पाचवी आज्ञा कारखान्याच्या फाटकाबाहेर थांबत नाही. पण या घटना आपल्याला एक इशाराही देतात. जिथे बोलण्याची वाट बुजते, तिथे दगड हातात येतो.

कपात कुठून सुरू होते?

आम्ही धर्मगुरू कारखाने चालवत नाही. ऑर्डर गेल्यावर बँकेचा हप्ता कसा भरायचा, विजेचे बिल कुठून द्यायचे, या चिंतेत मालकाला झोप येत नाही, हे आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकतो. त्यामुळे मंदीत एकाही माणसाला कमी करणे हे पापच आहे, असे सरसकट विधान आम्ही करणार नाही. कारखाना बुडाला तर सर्वांच्याच चुली विझतील. परंतु कपात करावी लागणे ही एक गोष्ट आणि ती कोणापासून सुरू करायची, हे ठरवणे ही दुसरी. पहिली गोष्ट कधी कधी बाजाराच्या हाती असते. दुसरी नेहमी माणसाच्या हाती असते.

व्यवहारात काय घडते ते आपल्याला ठाऊक आहे. प्रथम ओव्हरटाइम बंद होतो. मग दुसरी शिफ्ट. त्यानंतर ठेकेदाराला फोन जातो की उद्यापासून वीस माणसे कमी पाठव. त्या वीस जणांची नावे कंपनीच्या हजेरीपटावर नसतात. त्यांना ना नोटीस मिळते, ना कोणी कारण सांगते. फाटकावरचा वॉचमन त्यांना सांगतो, आज काम नाही. चार-सहा वर्षे त्याच मशीनवर घाम गाळलेल्या माणसाला निरोप द्यायला कंपनीतले कोणी बाहेरसुद्धा येत नाही. कायम कामगारांची पाळी त्यानंतर येते. अधिकाऱ्यांच्या भत्त्यांची, गाड्यांची, हॉटेलातील बैठकांची पाळी कधी कधी सर्वांत शेवटी येते. कधी येतच नाही.

म्हणजे ज्याच्या खांद्यात बळ सर्वांत कमी, त्याच्यावर ओझे सर्वांत आधी. संत थॉमस अक्विनास यांनी न्यायाचा विचार करताना वाटपाच्या न्यायाविषयी लिहिले आहे. समाजाच्या सामायिक गोष्टी प्रत्येकाला त्याच्या प्रमाणात मिळाव्यात, असा हा न्याय सांगतो. लाभाची वाटणी करताना आपण हे प्रमाण बारकाईने पाहतो. कोणाचा हुद्दा काय, शिक्षण काय, अनुभव किती, हे सारे मोजतो. मग तोट्याची वाटणी करताना ते प्रमाण कुठे जाते? तेजीत ज्याला मोठा वाटा मिळाला, त्याने मंदीत मोठा भार उचलावा, हे न्यायाचे साधे गणित आहे.

आपल्या देशाच्या कायद्याने या बाबतीत काही किमान मर्यादा घालून दिल्या आहेत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्या होत्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही त्या ठेवलेल्या आहेत. ले-ऑफच्या काळात पात्र कामगाराला मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यायची. वर्षभर सलग नोकरी झालेल्याला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यायचा. नव्या संहितेने आणखी एक भर घातली आहे. कमी केलेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम वेगळ्या निधीत भरायची असते. दुसऱ्या बाजूला, ले-ऑफ, कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची आगाऊ परवानगी पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यालाही घ्यावी लागे, ती मर्यादा आता ३०० वर नेली आहे.

पण कायदा सर्वत्र पोहोचत नाही. पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या जागी ले-ऑफच्या भरपाईचे कलम लागू होत नाही. आपल्या परिसरातील बहुतेक गाळ्यांत दहा-पंधरा माणसे काम करतात. तिथे कामगाराचा आधार म्हणजे मालकाची सद्सद्विवेकबुद्धी. म्हणून गाळेमालक बंधूंनो, तुम्हाला कायदा विचारणार नाही, पण परमेश्वर विचारील. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो, ही अनुवादाच्या पुस्तकातील शिकवण लहान धंद्याला सूट देत नाही.

शब्द दिला, शब्द मोडला, आणि पुढे?

जपानमधील टोयोटा कंपनीचे नाव आपल्याला तिच्या गाड्यांमुळे माहीत आहे. या कंपनीवर एकेकाळी दिवाळे निघण्याची वेळ आली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर महागाई आवरण्यासाठी १९४९ मध्ये जपानने फार कडक आर्थिक धोरण स्वीकारले. लोकांच्या हातचा पैसा आटला, ट्रक विकले जाईनात, विकलेल्यांचे पैसे वसूल होईनात. डिसेंबर १९४९ मध्ये कंपनी आणि युनियन यांच्यात समझोता झाला. कामगारांनी दहा टक्के पगारकपात मान्य केली आणि कंपनीने शब्द दिला की कोणालाही कामावरून कमी करणार नाही.

तो शब्द टिकला नाही. कर्ज देणाऱ्या बँकांनी कपातीचा आग्रह धरला. १९५० च्या एप्रिलमध्ये संघर्ष पेटला, कामबंद आंदोलने झाली. कंपनीने १,६०० जणांना स्वेच्छेने निवृत्त होण्यास सांगितले; प्रत्यक्षात दोन हजारांहून अधिक माणसे बाहेर पडली. पण याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. कंपनीचे संस्थापक आणि अध्यक्ष किइचिरो तोयोदा यांनी जून १९५० मध्ये स्वतः राजीनामा दिला. दिलेला शब्द पाळता आला नाही, तेव्हा इतरांना बाहेर काढून आपण खुर्चीत राहणे त्यांनी नाकारले. त्याच महिन्याच्या अखेरीस कोरियात युद्ध सुरू झाले, अमेरिकन सैन्याकडून ट्रकच्या ऑर्डरी आल्या आणि कंपनी सावरली. तोयोदा यांना मात्र ती भरभराट पाहता आली नाही. परत अध्यक्षपदी येण्याची बोलणी चालू असतानाच मार्च १९५२ मध्ये त्यांचे निधन झाले.

या कथेत त्या दोन हजार माणसांचे दुःख आहे, ते झाकू नये. एका माणसाच्या राजीनाम्याने दोन हजार घरांची चूल पेटत नाही. शिवाय युद्धाने आलेली भरभराट ही काही आनंदाने सांगण्याची गोष्ट नव्हे. तरीही कामगारांनी एक गोष्ट पाहिली होती. ओझे फक्त खालीच ढकलले गेले नाही, वरच्यानेही किंमत मोजली. व्यवस्थापन आणि युनियन दोघेही त्या वर्षाचा धडा विसरले नाहीत. १९६२ मध्ये त्यांनी परस्परविश्वासावर आधारलेला संयुक्त जाहीरनामा काढला. विश्वास परत जोडायला बारा वर्षे लागली, हेही आपण ध्यानात घ्यावे. शब्द मोडायला एक दिवस पुरतो.

सर्वांनी थोडे थोडे

दुसरे उदाहरण जर्मनीचे. १९९३ मध्ये फोक्सवॅगन कंपनीत सुमारे ३०,००० माणसे जास्त झाली, असे हिशेब सांगत होते. कपातीचा मार्ग समोर उघडा होता. कंपनी आणि युनियन यांनी टेबलावर बसून वेगळा मार्ग काढला. आठवड्याचे काम ३६ तासांवरून २८.८ तासांवर आणले, म्हणजे चार दिवसांचा आठवडा केला. वर्षाची कमाई सर्वांचीच घटली. पण घरखर्चाला एकदम खड्डा पडू नये म्हणून वार्षिक बोनसाची रक्कम बारा महिन्यांत वाटून महिन्याचा पगार जवळपास पूर्वीइतकाच ठेवला. बदल्यात कोणालाही कमी करायचे नाही, असे ठरले. तीस हजार जणांनी सारे गमावण्याऐवजी सर्वांनी थोडे थोडे गमावले.

पुढे २००९ च्या जागतिक मंदीत जर्मनीतील अनेक कारखान्यांनी कमी तासांची पद्धत वापरली. मे २००९ मध्ये सुमारे १४ लाख कामगार कमी तास काम करत होते आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी विमा निधीतून मिळत होता. उत्पादन जोरात घसरले, तरी बेकारी त्या मानाने फारशी वाढली नाही. मंदी सरली तेव्हा कसबी माणसे जागेवरच होती. नवी भरती करून त्यांना शिकवत बसावे लागले नाही.

आपल्याकडे असा निधी नाही, हे खरे. कोणतीही व्यवस्था कायमची टिकत नाही, हेही खरे. त्याच फोक्सवॅगनने २०२४ मध्ये नोकरीच्या हमीचा जुना करार संपवला आणि डिसेंबरमध्ये, लांबलेल्या वाटाघाटींनंतर, २०३० पर्यंत ३५,००० हून अधिक जागा कमी करण्याचे ठरवले. पण तिथेही सक्तीने काढण्याऐवजी निवृत्ती आणि संमतीचा मार्ग निवडला गेला. यावरून एवढे कळते की माणूस कमी करणे हा मॅनेजरच्या हातातला एकमेव उपाय नसतो. तास कमी करता येतात. रजा आगाऊ देता येते. वरच्यांचे पगार आधी कापता येतात. मशीन बंद आहे तोवर तिची दुरुस्ती, रंगकाम, नव्या कामाचे शिक्षण देता येते. कपात हा शेवटचा उपाय असला पाहिजे. तो सर्वांत सोपा वाटतो म्हणून पहिला ठरू नये.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

१८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढले. दोघांनी राजीखुशीने ठरवली म्हणून मजुरी न्याय्य होत नाही. कामगाराला माणसासारखे जगता येईल एवढी ती असली पाहिजे, हे त्यांनी ठामपणे सांगितले. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी हेच नाव का घेतले, याचे एक कारण त्यांनी स्वतः सांगितले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रमाचे प्रश्न नव्याने उभे राहिले आहेत आणि त्यांना उत्तर द्यायचे तर लिओ तेरावे यांची आठवण ठेवली पाहिजे, असा त्यांचा विचार आहे.

मंदीच्या दृष्टीने आपल्याला सर्वांत जवळची शिकवण पोप पायस अकरावे यांची आहे. त्यांचे परिपत्रक १९३१ चे, म्हणजे जग महामंदीत होरपळत असतानाचे. ते म्हणतात की मजुरी ठरवताना उद्योगाची परिस्थितीही पाहावी; पेलणार नाही अशी मजुरी मागून कारखाना बुडाला तर त्यात कामगारांचेच नुकसान आहे. पण लगेच ते दुसरी बाजूही मांडतात. मालकाच्या ढिलाईमुळे, आळसामुळे किंवा नव्या गोष्टी न शिकल्यामुळे धंदा खाली आला असेल, तर त्याचे निमित्त करून मजुरी कापणे न्यायाचे नाही. आणि उद्योग खरोखरच संकटात असेल, तर मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून, एकत्र विचार करून त्यातून मार्ग काढावा. कारखाना चालू ठेवायचा की बंद करून कामगारांची दुसरी सोय लावायची, हा निर्णयही त्यानंतरचा.

पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी क्राकोव शहराजवळच्या दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात मजूर होते. त्यांनी १९८१ च्या परिपत्रकात सांगितले की श्रमाचे स्थान भांडवलाच्या आधी आहे, कारण श्रम करणारा माणूस असतो आणि भांडवल ही वस्तू असते. १९९१ मध्ये त्यांनी नफ्याला योग्य मान दिला, पण हिशेबाच्या वह्या चोख असूनही त्याच कारखान्यात माणसांची मानहानी होत असू शकते, याची जाणीव करून दिली. तत्त्वज्ञ कान्ट यांनीही, वेगळ्या वाटेने जाऊन, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असेच सांगितले होते. कामगाराला ‘हेडकाउंट’ म्हणण्याची रीत पडली आहे. डोकी मोजणे हिशेबासाठी लागते, हे कबूल. पण ज्याचे डोके आपण मोजतो त्याला चेहरा आहे, हे विसरले की पाप दूर नसते.

मधल्या माणसाची व्यथा

मॅनेजर आणि सुपरवायझर बंधुभगिनींनो, तुमची कुचंबणा आम्ही जाणतो. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात फारोने विटा पाडण्यासाठी लागणारा पेंढा देणे बंद केले, पण विटांचा आकडा मात्र तोच ठेवला. आकडा भरला नाही तेव्हा मार कोणाला बसला? इस्राएल लोकांतूनच नेमलेल्या मुकादमांना. अर्ध्या माणसांत पूर्ण उत्पादन काढा, असा मेल वरून येतो तेव्हा तुमची स्थिती तीच असते. तुम्हीही पगारदारच आहात. तुमच्याही घराचा हप्ता आहे.

अशा वेळी तुमच्या हातात काय उरते? तीन गोष्टी उरतात. पहिली, खरे वरती सांगणे. ते मुकादम फारोकडे गेले होते; हे जमणार नाही, दोष तुमच्याच लोकांचा आहे, असे त्याच्या तोंडावर म्हणाले होते. दुसरी, खरे खाली सांगणे. ऑर्डर नाही हे तीन महिने ठाऊक असताना ‘सगळे ठीक आहे’ म्हणत राहणे आणि एका शुक्रवारी संध्याकाळी नोटीस बोर्डावर कागद लावणे, ही क्रूरता आहे. त्या तीन महिन्यांत कोणी मुलीचे लग्न ठरवतो, कोणी घरासाठी कर्ज काढतो. वेळेवर कळले असते तर तो सावध झाला असता. तिसरी, निरोप स्वतः देणे. वॉचमनला, ठेकेदाराला किंवा मोबाइलच्या संदेशाला पुढे करू नका. समोर बसवा, खुर्ची द्या, पाणी द्या, हिशेब पूर्ण द्या, अनुभवाचा दाखला त्याच दिवशी हातात ठेवा. रहबामाने अदोरामाला पुढे केले, तसे तुम्ही कोणाला पुढे करू नका.

कामगार बंधुभगिनींनाही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. कंपनी जमाखर्च उघडून दाखवत असेल, तर तो ऐकून घ्यावा. खोटी आजारपणे, मशीन मुद्दाम बिघडवणे, मालाची नासधूस, हे अन्यायाला उत्तर नव्हे. युनियन हा तुमचा हक्क आहे आणि ख्रिस्तसभेने तो वारंवार मान्य केला आहे. पण त्या हक्काबरोबर एक प्रश्नही येतो. कायम कामगारांचा करार टिकावा म्हणून कंत्राटी कामगारांना बाहेर काढले जाते, तेव्हा आपली युनियन गप्प बसते का? एकाच डब्यातली भाजी वाटून खाल्लेल्या माणसाविषयी आपण एक शब्दही बोलत नसू, तर ओझे दुर्बळाच्या खांद्यावर टाकण्यात आपलाही हात आहे.

आपल्या धर्मग्रामाचे काय?

काम गेलेला माणूस हळूहळू मिस्सेलाही येईनासा होतो. का? कारण बाहेर पडल्यावर कोणीतरी विचारणारच, “सध्या कुठे आहेस?” त्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते. कित्येक जण डबा घेऊन रोजच्या वेळेला घरातून निघतात आणि दिवसभर स्टेशनवर बसून संध्याकाळी परततात, घरच्यांना कळू नये म्हणून. बेकारीत पैसा जातो तो दिसतो. मान जाते ती दिसत नाही.

म्हणून आपल्या शेजारच्या वाडीत कोणाचे काम सुटले असेल, तर चौकशी न करता भेटायला जाऊ या. मुलांची फी, औषधपाणी, महिन्याचे वाणसामान यांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी मदत करू शकते. हा निरोप गाजावाजा न करता त्या घरी पोहोचवू या. गाळा चालवणाऱ्यांनी माणूस हवा असेल तेव्हा प्रथम आपल्याच भागातील काम गेलेल्यांना विचारावे. आणि मॅनेजर, कामगार व मालक यांनी मिळून वर्षातून एकदा तरी, भांडण नसताना, एकत्र बसावे. कामगार संत जोसेफचा सण १ मे रोजी येतो. पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये तो याचसाठी नेमला की श्रमाच्या दिवशी आपण सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभूची आठवण करावी. अशा बैठकीला त्याहून चांगला दिवस कोणता?

संध्याकाळचा बाजार

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. मळ्याचा धनी दिवसातून पाच वेळा बाजारात जातो. अगदी दिवस कलताना त्याला तिथे माणसे उभी दिसतात. तुम्ही रिकामे का उभे, असे तो विचारतो. आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही, असे ते सांगतात. धनी त्यांना आळशी म्हणत नाही. तो त्यांना मळ्यात पाठवतो.

मजुरी वाटायची वेळ येते तेव्हा दाखल्यात आणखी एक माणूस दिसतो. तो मळ्याचा कारभारी. वाटणी त्याच्या हाताने होते. धनी त्याला सांगतो, शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर. कारखान्यात नेमकी उलट रीत असते. शेवटी आलेला आधी जातो. कायद्यातली ही रीत वशिलेबाजी रोखण्यासाठी आहे आणि तेवढ्यापुरती ती योग्यही आहे. परंतु त्याच कायद्याने तिला एक जोड दिली आहे. पुन्हा भरती कराल तेव्हा कमी केलेल्यांना आधी बोलवा. नव्या संहितेत ही सवलत एका वर्षापुरती आहे. ते एक वर्ष संपले म्हणून आपली स्मरणशक्ती संपत नाही.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कोणीही या मळ्याचा धनी नाही. मालक असो, मॅनेजर असो वा सुपरवायझर, आपण सारे कारभारी आहोत आणि एक दिवस कारभाराचा हिशेब द्यायचा आहे. त्या दिवशी प्रभू नफा किती झाला हे विचारील असे वाटत नाही. बाजारात उभ्या असलेल्या माणसाकडे परत किती वेळा गेलास, हे तो नक्की विचारील.

ज्यांच्याकडे काम देण्याची सत्ता आहे त्यांना प्रभू खरे बोलण्याचे धैर्य देवो, ज्यांचे काम गेले आहे त्यांना तो धीर देवो, आणि ज्यांचे काम टिकले आहे त्यांना शेजाऱ्याचे ओझे उचलण्याचे बळ देवो. कामगार संत जोसेफ, आम्हांसाठी विनंती कर. आमेन.